विमानाची काच बसवताना

आरव्ही-७ या दोन आसनी विमानाचं किट घरी येतं तेव्हा त्यातला बहुतेक पत्रा भोकं पाडूनच आलेला असतो. पंखाची फासळी आणि तिच्यावरचा पत्रा एकमेकांवर ठेवले की भोकासमोर भोक येतं. त्यात क्लेको नावाच्या तात्पुरत्या स्प्रिंगच्या पिना अडकवायच्या, भोकं रीमरने साफ करायची, कडांची बर काढायची आणि रिव्हेट मारायचे. काम लांबतं, पण मोजमापाची काळजी कारखान्यातल्या यंत्राने आधीच वाहिलेली असते. कॅनोपीपाशी, म्हणजे कॉकपिटवरच्या काचेपाशी, ही सोबत संपते. अॅक्रिलिकचा एक मोठा पारदर्शक फुगा खोक्यातून येतो, पोलादी नळ्यांची वेल्ड केलेली चौकट येते, आणि विमानाचं धड तुम्ही तुमच्या हाताने बांधलेलं असतं. या तिघांची आधी कधी गाठ पडलेली नसते. नकाशात मापं असतात, पण ती सुरुवात कुठून करायची एवढंच सांगतात. पुढे प्रत्येक विमानाची कॅनोपी त्या विमानापुरतीच असते.

मी मूळची कोल्हापूरची. गेली बरीच वर्षं ओहायोत, डेटनजवळ राहते. नोकरीत संगणकावर यंत्रांचे सुटे भाग आखते आणि संध्याकाळी नवऱ्यासोबत गॅरेजमध्ये विमान बांधते. राइट बंधूंची सायकलची दुकानं ज्या गावात होती, तिथे या छंदाचं कुणाला फारसं आश्चर्य वाटत नाही. अमेरिकेत त्याची घडीही नीट बसलेली आहे. हवाई नियमांत हौशी बांधकामासाठी ‘प्रायोगिक’ असा वर्ग आहे. अर्ध्याहून अधिक काम हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा आनंदासाठी केलेलं असलं पाहिजे, ही त्याची मुख्य अट. म्हणून प्रत्येक टप्प्याचे फोटो आणि नोंदी ठेवायच्या. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन या अभियंत्याचं आरव्ही-३ हे एक आसनी विमान १९७१ मध्ये उडालं. पुढे त्याच्या ऑरेगनमधल्या कंपनीच्या किटांमधून लोकांनी गॅरेजांत, गोदामांत, शेतावरच्या शेडमध्ये बांधलेली ११,०००हून जास्त विमानं उडाली. माहेरी मात्र पहिल्यांदा सांगितलं तेव्हा फोनवर शांतता पसरली होती. मग मामाने मुंबईच्या कॅप्टन अमोल यादवांची आठवण काढली. चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी विमान बांधलं आणि २०१६च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांना बघायला ठेवलं होतं. तेव्हापासून घरच्यांच्या लेखी माझ्या कामाला एक ओळखीचं उदाहरण मिळालं. परवानगीसाठी यादवांनी जी वर्षं घालवली ती मला इथे घालवावी लागली नाहीत, याची जाणीव मला नेहमी असते.

आरव्ही-७ला कॅनोपी दोन प्रकारे बसवता येते. एका प्रकारात ती पुढच्या बिजागरीवर वर उघडते. पायलटसमोर मध्ये कुठलीच नळी येत नाही, नजर मोकळी राहते. दुसऱ्या प्रकारात पुढची काच कायमची बसवलेली असते, तिच्यामागे पोलादी रोलबार असतो आणि उरलेला फुगा रुळांवर मागे सरकतो. आम्ही सरकती निवडली. ओहायोच्या जुलैत धावपट्टीकडे जाताना कॅनोपी उघडी ठेवून वारा घेता येतो, आणि पावसात ती उघडली तरी पुढची काच जागेवर असल्याने पाणी थेट उपकरणांवर पडत नाही. पण खरं कारण वेगळं आहे. डेटनच्या हवाई दलाच्या संग्रहालयात पी-५१डी मस्टँग हे जुनं लढाऊ विमान आहे. आधीच्या मस्टँगला चौकटींची, कोनाकोनांची कॅनोपी होती आणि पायलटच्या पाठीमागे धडाचा उंचवटा. डी मॉडेलमध्ये तो उंचवटा उतरवून अख्खा पारदर्शक फुगा बसवला, मागे सरकणारा, जेणेकरून पायलटला मान वळवून मागचं आकाश दिसावं. त्या विमानापुढे मी खूप वेळ उभी राहिले आहे. आपल्या विमानाचीही काच अशी मागे सरकावी, हे तिथेच मनात बसलं.

पहिलं काम चौकटीचं. तिच्या पुढच्या खालच्या दोन कोपऱ्यांना रोलर असतात, ते कॉकपिटच्या दोन कडांवरच्या रुळांत फिरतात. तिसरा आधार मागे मध्यभागी, धडाच्या पाठीवर बसवलेल्या पट्टीवरून सरकणारा ठोकळा. तीन टेकूंवर ठेवलेली वस्तू डुगडुगत नाही, त्यामुळे इथपर्यंत सगळं सरळ. पण कॅनोपी पूर्ण बंद झाली की चौकटीच्या मागच्या कोपऱ्यांतल्या दोन पिना धडावरच्या ठोकळ्यांत शिरतात. उडताना ती वर उचलली जाऊ नये म्हणून ही सोय. आता टेकू पाच झाले. पाच ठिकाणी एकाच वेळी, कुठेही ओढाताण न होता वस्तू बसली पाहिजे.

वेल्ड केलेली नळी थंड होताना आक्रसते आणि किंचित वळते. हा धातूचा स्वभाव आहे. त्यामुळे चौकट जुळवून घ्यावीच लागते. तिची पुढची कमान रोलबारला समांतर यायला हवी, बाजू कॉकपिटच्या कडांना आणि मागची कमान धडाच्या पाठीला. शिवाय सगळीकडे काचेच्या जाडीपुरती जागा सोडायची. लाकडी ठोकळ्यांवर नळी टेकवून अंगाच्या वजनाने हळूहळू वाकवायची. पोलाद थोडं मागे येतं, म्हणून हवं त्याहून जरा जास्त वाकवायचं. एका कोपऱ्यात तीन मिलिमीटर मिळवले की समोरच्या कोपऱ्यात दोन जातात. मला हे काम अतिशय आवडलं. संगणकावर मी रेषा ओढते आणि ती जिथे ओढली तिथेच राहते. इथे नळीचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं.

आमच्याकडे अधूनमधून येणारा एक शेजारी आहे. साचे बनवणारा कारागीर होता, आता निवृत्त. त्याने पूर्वी आरव्ही-६ बांधलं आणि अजून तेच उडवतो. हौशी विमानकारांच्या संस्थेतर्फे नवख्यांचं काम बघायलाही जातो. एका संध्याकाळी आम्ही चौकट बंद करून त्याला दाखवत होतो. नवऱ्याने मागचा उजवा कोपरा तळहाताने दाबला आणि पिन ठोकळ्यात गेली. शेजाऱ्याने त्याचा हात बाजूला घेतला, कोपरा वर आला. तो म्हणाला, “दाबावं लागतंय तोवर ती बसलेली नाही.” मग स्वतः काहीही न करता कॉफी प्यायला बसला. पुढच्या सगळ्या कामाची कसोटी मला त्या वाक्यात मिळाली. पोलाद दाबलेलं सोसतं. अॅक्रिलिक सोसत नाही, आणि सोसत नाही हे लगेच कळतही नाही. बोटाने दाबून बसवलेली काच त्या दिवशी बसते, उन्हाळाभर बसलेली राहते, आणि जानेवारीत हँगरमध्ये एकटी असताना तडकते.

का तडकते, याचं गणित साधं आहे. एक मीटर लांबीचं अॅक्रिलिक ५० अंश सेल्सिअसच्या फरकाने सुमारे साडेतीन मिलिमीटर लांबतं किंवा आखडतं. अॅल्युमिनियम सव्वा मिलिमीटरच्याही आत राहतं, पोलाद जेमतेम ०.६. ओहायोत हिवाळ्यातली रात्र आणि उन्हात उभ्या विमानातली दुपार यांच्यात ५० अंशांचा फरक सहज पडतो. म्हणजे काच आणि तिची चौकट वर्षभर वेगवेगळ्या मापाने आक्रसतात आणि पसरतात. काचेला या हालचालीसाठी जागा मिळाली तर काही होत नाही. जागा नसेल, आणि वर आपण दाबून बसवल्याचा ताण आधीच भरून ठेवला असेल, तर थंडीचा ताण त्यात मिसळतो.

थंडीत अॅक्रिलिक ठिसूळही होतं. म्हणून बांधणाऱ्यांमध्ये पक्का नेम आहे: तापमान २७ अंशांच्या वर असेल तेव्हाच काच कापायची किंवा भोक पाडायचं. आम्ही चौकट वसंतात जुळवली आणि कापण्यासाठी जुलैची वाट पाहिली. दुपारी गॅरेजचं दार लावून घेतलं. फुगा नुसता ठेवून तापू दिला.

तेव्हा आई आली होती. कोल्हापुरात तिने आयुष्यभर ब्लाउज शिवले, अजूनही शिवते. गॅरेजमधली तिची पहिली चौकशी होती, “हे कापलं की परत जोडता येतं का गं?” नाही म्हटल्यावर तिने खुर्ची ओढली आणि फुग्याच्या कडेजवळ बसली. “मग माया ठेवून काप की. पहिल्यांदाच रेघेवर कशाला जातीस?”

अगदी तसंच करायचं असतं. फुगा साच्यातून येतो तेव्हा त्याला खाली जाड, वेडीवाकडी किनार असते. आधी ती काढायची. मग मध्यरेषा आखायची, फुगा चौकटीवर ठेवायचा, कुठे टेकतो ते बघायचं, उतरवायचा, टेकतो तिथे थोडं कापायचं, कड घासायची, परत ठेवायचा. पुढची खालची कड धडाच्या पत्र्यावर टेकायला लागली की फुगा पुढे झुकतो आणि मागची सगळी मापं बदलतात. घाईने एक मोठा तुकडा कापण्यापेक्षा बोटाच्या जाडीइतकी पट्टी काढून पुन्हा ठेवून बघणं केव्हाही बरं. ब्लाउजला कच्ची शिलाई घालून अंगावर चढवून बघतात, पुन्हा उसवतात, तसंच हे अनेक वेळा झालं. आईला एकदा समजावल्यावर दुसऱ्यांदा समजवावं लागलं नाही.

कापायला दातांची करवत चालत नाही. दात काचेत अडकतो, कपची उडवतो, आणि त्या खाचेतून तडा सुरू होतो. हवेवर चालणाऱ्या ग्राइंडरला पातळ कटिंग चाक लावून, रेघेच्या दोन्ही बाजूंना टेप चिकटवून, न थांबता हळूहळू जायचं. थांबलं की अॅक्रिलिक वितळून चाकाला चिकटतं. घाई केली की तापून फुगतं. पांढऱ्या भुकटीने सगळं गॅरेज भरतं, तोंडावर मास्क आणि डोळ्यांवर चष्मा असावाच लागतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मागे सुटत जाणाऱ्या फटीवर लगेच टेप लावत जाणं आणि दोन्ही तुकड्यांना खालून आधार देणं. तुकडा लोंबकळला तर त्याचं सगळं वजन कापाच्या टोकाशी येतं, आणि काच आपल्याआधी स्वतःची वाट शोधते.

सगळ्यात मोठा काप शेवटी येतो. तोवर फुगा अखंडच असतो, पुढची काच आणि सरकता भाग मिळून एक. तो धडावर अगदी नीट बसला, खालच्या कडा जुळल्या, मागची कमान जुळली, की रोलबारच्या कमानीवरून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तो आडवा कापायचा. तिथून तो दोन भागांचा होतो. आधी सगळं जुळवून मगच कापायचं कारण असं की एकाच फुग्याचे दोन तुकडे असल्यामुळे कमानीपाशी दोन्हींचा उतार आपोआप एकसारखा राहतो. त्या दिवशी शेजारी आला, नवरा आणि तो आतून-बाहेरून आधार धरून उभे राहिले, चाक माझ्या हातात. कपाळावरचा घाम पुसायला हात मोकळा नव्हता. आई दाराशी उभी राहून फक्त टेप फाडून देत होती. काप पूर्ण झाला तेव्हा दोन्ही भाग जागेवरच राहिले, कुठलाही आवाज न करता. आवाज झाला नाही याचा अर्थ फुग्यात ताण साठलेला नव्हता. दाबून बसवलेला फुगा असा सुटला की टक्कन उघडतो. मला त्या क्षणी जे समाधान मिळालं, ते पुढे विमान पहिल्यांदा जमिनीवरून सुटलं तेव्हाच्या आनंदाशी मी तोलून बघते आणि निवड करता येत नाही.

कडा घासण्याचं काम आईने मागून घेतलं. आधी बारीक कानस, मग १२०चा पॉलिश पेपर, मग ३२०, मग ६००, पाण्याने भिजवून. काम झालं का हे डोळ्यांनी ठरवायचं नाही, नखाने ठरवायचं. नख कुठे अडकलं तर तिथे खाच आहे. कापडाच्या धाग्यांवर बोटं फिरवण्यात उभा जन्म गेलेल्या बाईला हे सांगावं लागत नाही. मी तयार म्हणून बाजूला ठेवलेल्या कडेवर तिने बोट फिरवलं आणि तीन ठिकाणी पेन्सिलने खुणा केल्या.

घासता घासता मी तिला सांगितलं की तुझ्या डोळ्यात हेच आहे. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूच्या ऑपरेशनची भिंगं आहेत आणि तिच्या जपून ठेवलेल्या कार्डावर ‘पीएमएमए’ लिहिलं आहे. पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट, म्हणजे अॅक्रिलिक. तिला ती थट्टा वाटली. पण हा धागा खरोखरच विमानाच्या कॅनोपीतून निघतो. १९४०च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश हवाई दलाचा गॉर्डन क्लीव्हर हरिकेन हे लढाऊ विमान उडवत असताना शत्रूच्या गोळ्यांनी त्याच्या कॅनोपीचे तुकडे झाले आणि अॅक्रिलिकचे कण त्याच्या डोळ्यांत घुसले. असे जखमी पायलट तपासणाऱ्या हॅरल्ड रिडले या नेत्रतज्ज्ञाच्या लक्षात आलं की एरवी डोळ्यात गेलेली वस्तू डोळा सुजवते, लाल करते, पण या कणांना डोळा मुकाट्याने सामावून घेतो. मोतीबिंदूत खराब झालेलं भिंग काढून टाकतात, मग त्या जागी याच पदार्थाचं भिंग का घालू नये, असा विचार त्याने केला. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्याने पहिल्यांदा ते करून पाहिलं. त्याच्या व्यवसायबंधूंनी त्याला बराच काळ विरोध केला. आज जगभर कोट्यवधी लोक त्याच्यामुळे वाचतात, सुईत दोरा ओवतात. आईने हातातला पेपर खाली ठेवला, कडेवर फुंकर मारली आणि विचारलं, “त्या पोराचं पुढं काय झालं?” क्लीव्हर वाचला, पण एका डोळ्याची नजर गेली. ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर मात्र ती कडा आणखी जपून घासू लागली असं मला वाटलं.

काच चौकटीला कशी जोडायची यावर बांधणाऱ्यांत दोन मतं आहेत. काहीजण भोकं पाडतच नाहीत. बोटी आणि बसच्या काचांना वापरतात तसल्या लवचीक चिकटद्रव्याने काच चौकटीला चिकटवतात. भोक नाही तर भोकातून तडाही नाही, आणि चिकटद्रव्याचा जाड थर हालचाल सामावून घेतो. मला त्या पद्धतीबद्दल आदर आहे. तरीही आम्ही भोकं पाडून रिव्हेट आणि स्क्रू वापरले, कारण चिकटवलेल्या जोडाच्या आत काय चाललं आहे ते दिसत नाही आणि रिव्हेटचं प्रत्येक भोक टॉर्च लावून तपासता येतं. शिवाय काच कधी बदलायची वेळ आली तर रिव्हेट ड्रिल करून काढता येतात. माझा भरवसा दिसणाऱ्या गोष्टीवर जास्त बसतो.

साधं ड्रिल अॅक्रिलिकला चालत नाही. त्याची धार स्क्रूसारखी आत ओढली जाते आणि पलीकडे बाहेर पडताना पापुद्रा काढते. म्हणून धार मोडून, टोक उभं करून घासलेलं खास ड्रिल वापरायचं, मागे लाकडाचा ठोकळा लावायचा. भोक रिव्हेटपेक्षा मोठं पाडायचं, म्हणजे थंडी-उन्हात काच त्याच्याभोवती हलू शकेल. आणि रिव्हेट किंवा स्क्रू घट्ट आवळायचा नाही. पत्र्यावर सवय झालेल्या हाताला हे जड जातं. पत्र्यात सैल रिव्हेट म्हणजे सदोष काम. इथे किंचित मोकळीक हेच बरोबर काम.

शेजाऱ्याच्या आरव्ही-६च्या काचेत, मागच्या बाजूला, बोटभर लांबीचा एक जुना तडा आहे आणि त्याच्या टोकाला एक छोटं गोल भोक. एका हिवाळ्यात तडा दिसला तेव्हा त्याने त्याच्या नेमक्या टोकाशी ते भोक पाडलं आणि तडा तिथेच थांबला, तो आजतागायत. भोक पाडून काच कशी वाचते, हे उलटं वाटतं. याचं उत्तर ए. ए. ग्रिफिथ या अभियंत्याने १९२१ मध्ये काचेवरच्या प्रयोगांतून दिलं. तो फार्नबरोच्या ब्रिटिश विमान संशोधन केंद्रात काम करत होता. काच कागदावरच्या हिशोबाच्या मानाने फारच कमी जोराने फुटते. कारण ती सगळीकडून सारखी फुटत नाही, तिच्यातल्या सूक्ष्म खाचांपासून फुटते. खाचेचं टोक जितकं अणकुचीदार, तितका तिथे ताण दाटतो. तडा पुढे सरकताना साठलेला ताण मोकळा होतो, आणि त्या मोकळ्या होण्यावरच तो आणखी पुढे जातो. गोल भोकाने टोक बोथट होतं, ताण विखुरतो. हा निबंध मी कॉलेजात वाचला होता, परीक्षेतही लिहिला होता. शेजाऱ्याच्या काचेवर बोट ठेवलं तेव्हा तो मला कळला. आईने नखाने शोधलेल्या त्या तीन खाचा काढून टाकण्याचं महत्त्वही त्याच दिवशी पूर्ण समजलं.

पाठीमागच्या झालरीने मात्र आमचा सगळ्यात जास्त वेळ घेतला. सरकत्या कॅनोपीची मागची कड धडाच्या पाठीवर येते आणि तिथली फट झाकायला एक झालर लागते. उडताना फुग्यावरून हवा वेगाने जाते, तिथला दाब घटतो, आणि ही झालर बाहेर ओढली जाते. ताशी ३०० किलोमीटर वेगात ती कागदाइतकीही उचलली तरी थंड हवा धडातून आत शिरते आणि पायलटच्या मानेवर येते. किटमध्ये झालरीसाठी अॅल्युमिनियमचा पत्रा असतो. पण धडाची पाठ तिथे दोन दिशांना गोल आहे. पत्रा तिथे बसवायचा तर दाबून धरावा लागतो, आणि तो दाब शेवटी काचेवर जातो. म्हणून आम्ही झालर फायबरग्लासची केली. धडाच्या पाठीवर टेप आणि मेण लावलं, त्यावर काचकापडाचे थर रेझिनमध्ये भिजवून घातले, वाळू दिले. सुटून आलेला तुकडा पाठीचाच ठसा होता. तो नुसता ठेवला तरी बसत होता. जास्त वजन आणि बरीच घासाघीस, पण मी पुन्हा बांधलं तर हेच करीन. पुढच्या काचेच्या पायथ्याशी असलेली फायबरग्लासची पट्टीही अशीच केली. पहिला थर काळा रंग मिसळून घातला, म्हणजे आतून बघताना कडेला पांढरी चमक येत नाही.

अधिकृत तपासनीस आला तेव्हा त्याने कॅनोपी एका बोटाने मागे सरकवली, पुढे आणली, बंद केली, बाहेरून आणि आतून उघडता येते का ते बघितलं. कॉकपिटच्या कडेजवळ ‘एक्स्पेरिमेंटल’ ही अक्षरं नियमाप्रमाणे दोन इंच उंचीची आहेत का, तेही मोजलं. मग इंजिनाकडे गेला. आम्ही दिलेल्या वेळाच्या मानाने ती तपासणी फार लहान होती, आणि ते योग्यच होतं.

विमान आता उडतं. काचेची निगा सोपी आहे, फक्त शिस्त हवी. पाण्याने धुवायची, मऊ सुती कापडाने एकाच दिशेला पुसायची. घरातल्या काचेचं अमोनियाचं पुसण कधी लावायचं नाही, पेट्रोल किंवा थिनरचा थेंबही नाही. त्याने अॅक्रिलिकच्या अंगात बारीक भेगांचं जाळं उठतं आणि ते परत जात नाही. इंधन भरायला येणाऱ्या मुलांना मी हे दर वेळी सांगते आणि ती ऐकतात.

पुढची काच आणि सरकता भाग यांच्यामधली फट मी जुलैत, उन्हात विमान उभं असताना, फीलर गेजने सात ठिकाणी मोजून लिहून ठेवली होती. या जानेवारीत हँगर गोठलेला असताना त्याच जागी पुन्हा मोजली. सगळीकडे रुंदावली आहे, मध्यभागी सर्वांत जास्त, आणि डावी-उजवी बाजू एकमेकींशी जुळते. म्हणजे काच दोन्हीकडे सारखी हलते आहे, कुठे अडत नाही. टॉर्चने एकेक भोक बघितलं. पांढरी रेघ कुठेही नाही. उजव्या रोलरचा बुश मात्र झिजला आहे. तो बदलायला कॅनोपी रुळांवरून पूर्ण मागे काढून उतरवावी लागते, आणि या थंडीत मी तिला हात लावणार नाही. मे महिन्यात हवा तापली की ते काम करायचं आहे.